मागील सामासिक अंतर कोपऱ्यात कमी पडत असल्यास सवलतीचा अर्ज कसा करावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातील मानेवाडा परिसरातील एका ले-आऊटमध्ये आपला पूर्वमुखी भूखंड आहे. रुंदी ९.१५ मीटर असून उत्तरेची बाजू १५.२० मीटर, तर दक्षिणेची बाजू १३.१० मीटर भरते, कारण मागची हद्द तिरपी आहे. एकमजली घराचा नकाशा ऑनलाइन सादर केला असता, मागील सामासिक अंतर (हद्द आणि घराची भिंत यांच्यामध्ये मोकळी सोडायची जागा) नैऋत्येच्या कोपऱ्यात दीड मीटरऐवजी १.१२ मीटर भरते, अशी त्रुटी निघाली. ठेकेदार म्हणतात की बांधून घ्या, नंतर दंड भरून नियमित होते. शेजारी लेखी संमती द्यायला तयार आहेत. एवढ्याशा फरकासाठी सवलत मिळते का, आणि मिळत असल्यास अर्ज कसा करावा, हे आपल्याला हवे आहे.

सवलत मागता येते. आपण कळवलेली परिस्थिती तशीच असेल तर मागण्याजोगे कारणही आपल्याकडे आहे, मात्र ते आपण पत्रात ज्या क्रमाने मांडले आहे त्या क्रमाने कार्यालयापुढे ठेवू नये. आपण आधी वास्तुशास्त्र लिहिले आहे, नंतर मुलांच्या खोल्या आणि सर्वांत शेवटी, जाता जाता, मागच्या कोपऱ्यातील विहीर. अर्जात विहीर पहिली आली पाहिजे आणि वास्तुशास्त्र कुठेही येता कामा नये.

आधी ठेकेदारांच्या सल्ल्याविषयी लिहिते, कारण या एका सल्ल्यामुळे बिघडलेली प्रकरणे माझ्याकडे दरवर्षी येतात. परवानगीपूर्वी केलेले बांधकाम महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार अनधिकृत ठरते आणि त्यावर कलम ५२ व ५३ खाली कारवाई होऊ शकते. दंड भरून नियमित करण्याची जी गोष्ट ठेकेदार सांगतात, ती बहुधा कलम ५२-अ खालील २०१७ च्या नियमांवरून आलेली असावी. ती तरतूद ३१ डिसेंबर २०१५ पूर्वी झालेल्या बांधकामांपुरती होती, आज उभ्या राहणाऱ्या घराला तिचा उपयोग नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ओडिशातील फ्रेंड्स कॉलनी प्रकरणात असे स्पष्ट केले की, प्रामाणिक गैरसमजातून झालेले किरकोळ विचलन आणि जाणूनबुजून केलेले उल्लंघन यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. आपल्या हातात त्रुटीचे पत्र आहे, म्हणजे कोपऱ्यात अंतर कमी पडते हे आपल्याला लेखी कळवले गेले आहे. यानंतर भिंत उभी केली तर गैरसमजाचा मुद्दा आपल्याकडे उरत नाही, आणि जी सवलत आज विनंती म्हणून मागता येते तीच उद्या गुन्ह्यावरचे पांघरूण म्हणून मागावी लागेल. शिवाय भोगवटा प्रमाणपत्र (पूर्ण झालेले घर वापरण्याची परवानगी) अडले की बँकेचे कर्जही अडते. डिसेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर बँका या प्रमाणपत्राबाबत आणखी काटेकोर झाल्या आहेत.

याच संदर्भात आणखी एक समज दूर करावासा वाटतो. साठ दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे धरावे, ही कलम ४५ मधील तरतूद पुष्कळांना ठाऊक असते. परंतु ती फक्त नियमांशी तंतोतंत जुळणाऱ्या प्रस्तावाला लागू होते, आणि सवलत हवी असलेला प्रस्ताव व्याख्येनेच नियमाबाहेरचा असतो. त्यामुळे मौन म्हणजे होकार हा हिशेब येथे चालत नाही. सवलत लेखीच मिळावी लागते. छोट्या भूखंडांसाठी असलेल्या जलद मार्गाचेही तसेच आहे. आपला भूखंड सुमारे १२९ चौरस मीटर, म्हणजे दीडशेच्या आतला असल्याने आपल्या वास्तुविशारदांनी तो मार्ग सुचवला असावा. पण तो मार्ग प्रस्ताव नियमात बसतो या प्रमाणपत्रावर उभा आहे, आणि कोपऱ्यात ३८ सेंटिमीटर कमी असताना असे प्रमाणपत्र देणाऱ्याने स्वतःचा परवाना पणाला लावलेला असतो. आपला प्रस्ताव नेहमीच्या छाननीतूनच गेला पाहिजे.

आता अधिकार कोणता आणि किती, ते पाहू. २ डिसेंबर २०२० रोजी राज्य शासनाने मंजूर केलेल्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीच्या दुसऱ्या प्रकरणात प्राधिकरणाचे स्वेच्छाधिकार दिले आहेत. त्यांचा आशय असा की, एखाद्या विशिष्ट प्रकरणात स्पष्टपणे दाखवता येण्याजोगी अडचण उद्भवत असेल, तर प्राधिकरण विशेष लेखी परवानगीने नियमावलीतील मापांमध्ये फेरबदल करू शकते. मात्र त्यामुळे इमारतीत राहणाऱ्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या आरोग्याला, अग्निसुरक्षेला, इमारतीच्या मजबुतीला व सार्वजनिक सुरक्षिततेला बाधा येता कामा नये. दोन गोष्टी या अधिकाराच्या बाहेर ठेवलेल्या आहेत. चटई क्षेत्र निर्देशांक (एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात किती बांधता येते ते माप) यात वाढवून मिळत नाही, आणि रस्त्याच्या बाजूचे अंतरही, नियमावलीत अन्यत्र तशी तरतूद असल्याखेरीज, कमी करून मिळत नाही. एफएसआय कमी पडत असेल तर प्रीमियम, टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क), अनुषंगिक एफएसआय असे पैसे भरून घेण्याचे वेगळे मार्ग त्याच नियमावलीत आहेत. त्यासाठी अडचणीचा अर्ज करणे म्हणजे चुकीच्या खिडकीवर उभे राहणे होय. रस्त्याच्या अंतराची मर्यादा आपल्या बाबतीत उलट उपयोगाची ठरते. घर ३९ सेंटिमीटर (हद्द तिरपी असल्याने ३८ भरून काढायला एवढे लागतात) पुढे का सरकवत नाही, हा प्रश्न येणारच, आणि पुढील अंतर आधीच किमान मापावर असून ते कमी करता येत नाही, हे त्याचे सरळ उत्तर आहे.

अर्ज कोणाकडे करावा, हा प्रश्न इतर शहरांत सहसा विचारावा लागत नाही, नागपुरात विचारावा लागतो. १९३६ च्या कायद्याने स्थापन झालेले नागपूर सुधार प्रन्यास, नागपूर महानगरपालिका आणि शहराबाहेरच्या भागासाठी महानगर प्रदेश विकास प्राधिकरण अशी तीन दारे येथे आहेत. शहरातील ले-आऊट कोणत्या दाराखाली येतात, यात गेल्या काही वर्षांत बदलही झाले आहेत. नियमावली तिन्ही ठिकाणी एकच आहे, पण अधिकार वापरणारी व्यक्ती वेगळी आहे. महानगरपालिकेत आयुक्त, प्रन्यासमध्ये सभापती आणि महानगर प्राधिकरणात महानगर आयुक्त. शेजाऱ्याचा नकाशा कोणी मंजूर केला यावरून अंदाज बांधू नये. त्रुटीचे पत्र ज्या कार्यालयाकडून आले, त्याच कार्यालयाकडे सवलतीचा अर्ज त्याच प्रकरण क्रमांकाचा उल्लेख करून द्यावा. आपला भूखंड गुंठेवारीतला असेल तर आरएल (भूखंड नियमित केल्याचे पत्र) आणि भरलेल्या डिमांडची, म्हणजे मागणीपत्रातील रकमेची, पावती सोबत हवी, आणि प्रन्यासच्या भाडेपट्ट्याचा असेल तर पट्टा चालू मुदतीत असल्याचा कागद हवा. मालकीचा कागदच अपुरा असेल तर सामासिक अंतराची चर्चा सुरूही होत नाही.

यापुढील भाग मी जरा विस्ताराने लिहिते, कारण अर्ज मंजूर होतो किंवा नाकारला जातो तो येथेच.

नियमातील 'अडचण' हा शब्द जमिनीला लागू आहे, मालकाला नाही. मुलाचे लग्न ठरले आहे, आई-वडिलांना जिना चढवत नाही, घरभाडे परवडत नाही, ही सर्व कारणे खरी असतात आणि माणूस म्हणून समोरच्या अभियंत्याला ती पटतातही. परंतु तीच कारणे ले-आऊटमधील प्रत्येक भूखंडधारकाकडे असू शकतात, आणि सर्वांना लागू होणाऱ्या कारणासाठी एकाला सवलत दिली तर नियमच उरत नाही. याउलट आपली मागची हद्द तिरपी आहे, कारण मूळ शेताचा धुरा (बांध) तसा होता आणि ले-आऊट पाडणाऱ्याने खसऱ्याच्या (मूळ शेताच्या भूमापन क्रमांकाच्या) हद्दीवर शेवटची रांग बसवली. हे आपण केलेले नाही, बदलूही शकत नाही, आणि मधल्या रांगेतील चौकोनी भूखंडांना ते लागूही नाही. त्या ले-आऊटच्या मंजूर नकाशाची प्रत जोडून शेवटची रांग रंगवून दाखवावी. असे तिरपे भूखंड किती आहेत आणि आपला त्यांतील कोणता, हे एका दृष्टिक्षेपात दिसले पाहिजे.

वास्तुशास्त्राचा मुद्दा मी आधीच काढून टाकायला सांगितला आहे. जिना नैऋत्येला असावा ही आपली इच्छा आहे, आणि त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. नागपुरात नैऋत्येचा जिना आणि ईशान्येची बोअर न मागणारा ग्राहक मला क्वचितच भेटला आहे. पण अर्जात ते वाक्य आले की अडचण जमिनीची नसून आवडीची आहे, हे आपणच लिहून दिल्यासारखे होते. मग अभियंता विचारतो की नकाशा आरशात धरल्यासारखा उलटा करा, जिना वायव्येला न्या, तिथे मागे भरपूर जागा आहे. हा प्रश्न रास्त आहे. खरे तर अर्ज करण्यापूर्वी आपल्या वास्तुविशारदांनी तो स्वतःला विचारायला हवा होता, कारण दहापैकी पाच-सहा प्रकरणांत नकाशा उलटा केला की सवलतीची गरजच राहत नाही.

आपल्या भूखंडावर तो पर्याय चालत नाही, आणि त्याचे कारण विहीर आहे. शेतीच्या काळातील ती विहीर वायव्येच्या कोपऱ्यात असून तिच्यापासून दूर राहण्यासाठी घराचा तो कोपरा आपण आधीच आत घेतला आहे, असे आपण लिहिता. म्हणजे जिथे जागा मोकळी दिसते तिथे जिन्याच्या खांबाचा पाया सुरक्षितपणे बसत नाही. हे वाक्य आपण लिहून उपयोगाचे नाही. ते स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सही-शिक्क्याच्या पत्रात, विहिरीचा व्यास, खोली आणि काठापासून पायाचे अंतर यांसह आले पाहिजे. दुसरा पर्याय जिना पुढे घेण्याचा. तसे केल्यास तळमजल्यावर गाडी उभी करण्याची जागा जाते आणि पार्किंग हीसुद्धा नियमाचीच अट आहे. तिसरा पर्याय नैऋत्येचा कोपरा तिरपा छाटण्याचा. हा पर्याय सर्वांत आधी सुचवला जाईल, कारण कागदावर तो सोपा दिसतो. तो छाट जिन्याच्या वळणावरील चौथऱ्यातून जातो आणि जिन्याची रुंदी कमी होते, असे आपल्या नकाशावरून दिसते. जिन्याची रुंदी ही आगीच्या वेळी बाहेर पडण्याची बाब आहे. तेव्हा मागील अंतरात थोडी सूट घेऊन जिना पूर्ण रुंदीचा ठेवणे हे सुरक्षिततेच्या दृष्टीने अधिक योग्य आहे, ही आपल्या अर्जातील सर्वांत बळकट ओळ ठरेल. या तिन्ही पर्यायांची छोटी रेखाचित्रे एकाच कागदावर काढून प्रत्येकाखाली तो का चालत नाही ते दोन ओळींत लिहावे. माझ्या अनुभवात चार पानी निवेदनापेक्षा असा एक कागद फाईलमध्ये जास्त वेळा उघडला जातो.

आता मापाकडे येऊ. त्रुटीच्या पत्रात '१.५० ऐवजी १.१२' एवढेच लिहिलेले असते. संगणकीय छाननी सर्वांत कमी अंतर पकडते आणि तेच सांगते, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटते की मागची संपूर्ण भिंत ३८ सेंटिमीटर आत आली आहे. वस्तुस्थिती तशी नाही. आपण पाठवलेल्या मापांवरून मी काढून पाहिले. मागील भिंतीच्या ६.१५ मीटर लांबीपैकी ४.४५ मीटर लांबीत अंतर दीड मीटर किंवा त्याहून अधिक आहे. केवळ शेवटच्या १.७० मीटरमध्ये ते हळूहळू कमी होत कोपऱ्यात १.१२ वर येते. कमी पडणारा भाग म्हणजे एक निमुळता त्रिकोण असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ०.३३ चौरस मीटर, म्हणजे साडेतीन चौरस फूट आहे. स्वयंपाकघरातील एखाद्या पाटाएवढी ही जागा. नकाशावर हा त्रिकोण वेगळ्या रंगाने भरावा, त्याच्या तिन्ही बाजू लिहाव्यात आणि शेजारी क्षेत्रफळाचे गणित मांडावे. हे केल्यावर प्रस्तावाचा चेहराच बदलतो.

परंतु हे सर्व आकडे प्रत्यक्ष मोजणीवर आधारलेले असले पाहिजेत. माझ्या व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात पूर्व नागपुरातील एका घरासाठी मी अशीच सवलत मागितली होती आणि ती मिळालीही. मापे मी ले-आऊटच्या नकाशावरून घेतली होती. जोत्याच्या तपासणीला टेप लावला तेव्हा कळले की मागच्या शेजाऱ्याची जुनी कुंपणभिंत २२ सेंटिमीटर आत होती आणि मोजणीत हद्दही तिथेच निघाली. सवलत १.२० मीटरला मिळाली होती, जागेवर अंतर ९८ सेंटिमीटर भरले. काम थांबले, नव्याने अर्ज करावा लागला, ग्राहकाच्या कर्जाचा हप्ता अडकला आणि चार महिने मी त्या कुटुंबाच्या नजरेला नजर देऊ शकले नाही. चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून भूमी अभिलेख विभागाची मोजणी होऊन तिच्या नकाशाची 'क' प्रत हाती आल्याखेरीज मी सवलतीच्या अर्जावर सही करत नाही. आखीव पत्रिकेवरील (प्रॉपर्टी कार्डावरील) क्षेत्र, विक्रीपत्रातील क्षेत्र आणि 'क' प्रतीतील क्षेत्र यांत फरक असेल तर तो लपवू नये. सर्वांत कमी क्षेत्र धरून नकाशा करावा.

सवलत मागताना हातचे राखून मागू नये, असे मला वाटते. काही सहकारी १.१२ हवे असताना १.०० मागतात, म्हणजे बांधकामात थोडे इकडेतिकडे झाले तरी चालते. मला ते पटत नाही. मागणी जितकी नेमकी, तितका तिच्यावर विश्वास बसतो, आणि गोल आकडा पाहिला की तपासणाऱ्याच्या मनात पहिली शंका येते. मात्र गिलाव्याची जाडी धरायला विसरू नये. अंतर पूर्ण झालेल्या भिंतीपासून मोजले जाते, विटेपासून नाही.

अर्जाची भाषा साधी असावी. मुख्य परिच्छेद साधारण असा लिहिता येईल:

'सदर भूखंडाची मागील हद्द मूळ खसऱ्याच्या धुऱ्यास अनुसरून तिरपी असल्याने भूखंडाची उत्तर बाजू १५.२० मीटर व दक्षिण बाजू १३.१० मीटर आहे. प्रस्तावित इमारतीचे मागील सामासिक अंतर एकूण ६.१५ मीटर लांबीपैकी ४.४५ मीटर लांबीत १.५० मीटर किंवा अधिक असून उर्वरित १.७० मीटर लांबीत ते क्रमशः कमी होऊन नैऋत्य कोपऱ्यात १.१२ मीटर राहते. कमी पडणारे क्षेत्र ०.३३ चौरस मीटर आहे. वायव्य कोपऱ्यातील जुन्या विहिरीमुळे जिना त्या बाजूस घेणे संरचनेच्या दृष्टीने सुरक्षित नाही (प्रमाणपत्र सोबत). चटई क्षेत्र निर्देशांक व रस्त्याकडील अंतर यांत कोणतीही सवलत मागितलेली नाही. कमी अंतराच्या भागात खिडकी, झरोका, छज्जा वा अन्य प्रक्षेप प्रस्तावित नाही. सबब, नियमावलीतील स्वेच्छाधिकारानुसार उपरोक्त मापापुरती विशेष लेखी परवानगी मिळावी, ही विनंती.'

यातील शेवटून दुसऱ्या वाक्याकडे लक्ष द्यावे. जिन्याला उजेड लागतोच, परंतु तो दक्षिणेच्या बाजूने घ्यावा. मागील अंतर ठेवण्याचे कारण उजेड, हवा, आगीच्या वेळची वाट आणि सांडपाण्याच्या वाहिनीची दुरुस्ती हे आहे. त्या त्रिकोणात आपण काहीही उघडत नाही आणि काहीही पुढे काढत नाही, हे आपणहून लिहिल्यास आरोग्य व सुरक्षिततेच्या अटीचे अर्धे उत्तर दिले जाते. उरलेले अर्धे उत्तर म्हणजे पावसाच्या पाण्याचा निचरा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हापासून पाणी कुठून कुठे जाणार हा प्रश्न स्थळ निरीक्षणात जास्त गांभीर्याने विचारला जातो, आणि तो विचारलाच पाहिजे. मागील पट्टीचा उतार, नालीची रुंदी आणि ती पुढच्या गटारीला कुठे मिळते, हे नकाशावर दाखवावे.

स्थळ निरीक्षणाला कनिष्ठ अभियंता येईल तेव्हा हद्दीचे दगड मोकळे असावेत, कोपऱ्यात चुन्याने भिंतीची रेषा आखलेली असावी आणि त्याने न मागता टेपचे दुसरे टोक धरायला कोणीतरी उभे असावे. भूखंडावर विटा, वाळू, गज यांचा ढीग नसावा. काम सुरू करण्याच्या बेतात असलेला अर्जदार आणि परवानगीची वाट पाहणारा अर्जदार यांतील फरक त्या ढिगावरून दिसतो. अभियंता आजूबाजूची घरेही पाहतो. नागपुरात उन्हाळ्यात काय दिसते ते आपल्याला ठाऊक आहे: दीड मीटरच्या पट्टीत दोन्हीकडून कूलरचे लोखंडी स्टँड उभे, खाली पाण्याची टाकी, मधून माणूस आडवा होऊन जातो. शेजाऱ्यांच्या पट्ट्या अशा भरलेल्या असतील तर 'सगळ्यांनीच केले आहे' हा युक्तिवाद करू नये. तो आपल्या विरुद्धच जातो, कारण प्रत्यक्षात मोकळी राहिलेली जागा आणखी कमी आहे, हेच त्यातून सिद्ध होते.

शेजाऱ्यांची संमती अवश्य घ्यावी, पण तिच्यावर विसंबू नये. सामासिक अंतर शेजाऱ्याच्या मालकीचा हक्क नसल्यामुळे ते सोडून देण्याचा अधिकारही त्यांना नाही, आणि उद्या त्यांनी घर विकले तर नवा मालक त्या संमतीला बांधलेला नाही. तिचा उपयोग एवढाच की तक्रार येण्याची शक्यता कमी होते आणि निर्णय घेणाऱ्याला धीर येतो. संमतीत मोघम 'हरकत नाही' असे न लिहिता त्रिकोणाचे माप लिहावे आणि नकाशाच्या प्रतीवर त्यांची सही घ्यावी. सर्वांत जास्त उपयोग मागच्या शेजाऱ्याच्या संमतीचा आहे. आपल्याला मिळणारी संमती मात्र, पत्रावरून, दक्षिणेकडच्या शेजाऱ्याची दिसते.

मंजुरी मिळालीच तर ती सशर्त असेल. प्राधिकरण प्रीमियम आकारू शकते, अनामत घेऊ शकते, भरपाईचा दावा न करण्याचे हमीपत्र मागू शकते. डिमांड निघाल्यावर मुदतीत भरणा करावा. पैसे भरण्यापेक्षाही लोक ज्या गोष्टीत चुकतात ती अशी: सवलतीचा आदेश वेगळ्या पत्रावर येतो आणि मंजूर नकाशावर तिचा उल्लेखच राहून जातो. पुढे भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी नवा अधिकारी नकाशा पाहतो, १.१२ पाहतो आणि पुन्हा त्रुटी काढतो. म्हणून सवलतीचा आदेश क्रमांक व दिनांक मंजूर नकाशावर आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राच्या अटींत नोंदवून घ्यावा आणि तो नोंदवल्याशिवाय ते प्रमाणपत्र घेऊन घरी येऊ नये. परवानगीची मुदत एक वर्षाची असते. तेवढ्यात काम सुरू झाले नाही तर वेळीच मुदतवाढ घ्यावी, कारण परवानगी संपली की तिच्यासोबत सवलतही संपते.

अर्ज नाकारला गेला, किंवा न परवडणाऱ्या अटींवर मंजूर झाला, तर नगररचना अधिनियमाच्या कलम ४७ खाली राज्य शासनाकडे अपील करता येते. आदेश मिळाल्यापासून चाळीस दिवसांची मुदत आहे आणि ती आदेश हाती पडल्याच्या तारखेपासून मोजली जाते, म्हणून लिफाफासुद्धा जपून ठेवावा. अपिलात नवे कारण सांगण्यापेक्षा फाईलवरील टिपणी आधी माहितीच्या अधिकारात मागवावी. अनेकदा नकाराचे खरे कारण आदेशात नसते, टिपणीत असते. मला विचाराल तर एवढ्या लहान मापासाठी अपिलापेक्षा सुधारित नकाशा देणे पुष्कळदा स्वस्त पडते. मागची संपूर्ण भिंत ३९ सेंटिमीटर पुढे घेतली तर मजल्यामागे साधारण २.४ चौरस मीटर जागा जाते. ती गेली तर कोणती खोली बिघडते, हे आजच काढून ठेवावे, म्हणजे नकार आल्यावर हात बांधलेले राहणार नाहीत.

आपण ओघात विचारलेल्या दोन गोष्टींची उत्तरे येथेच देते. तळमजल्यावर पुढे एखादे दुकान काढायचे असल्यास तो सामासिक अंतराच्या सवलतीचा विषय नाही. भूखंडाचा वापर क्षेत्र आणि रस्त्याची रुंदी यांवर ते ठरते, आणि नियमात बसत नसेल तर स्वेच्छाधिकाराने मिळणार नाही. विकास योजनेतील वापरच बदलायचा तर कलम ३७ ची फेरबदलाची प्रक्रिया लागते, तीत हरकती-सूचना मागवल्या जातात आणि अंतिम मंजुरी शासनाची असते. एका घरासाठी त्या वाटेला जाऊ नये. दुसरी गोष्ट, मागून जाणाऱ्या विजेच्या तारांविषयी. ती वाहिनी उच्चदाबाची असेल तर तिच्यापासूनचे अंतर कोणत्याही स्थानिक सवलतीने कमी होत नाही. या शहरात अशा तारांनी मुलांचे जीव घेतले आहेत आणि २०१७ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली होती. वाहिनी कोणत्या दाबाची आहे, हे वीज कंपनीकडून लेखी घ्यावे, आणि तसे असेल तर वरील सर्व मजकूर बाजूला ठेवून आधी तोच प्रश्न सोडवावा.

राहिले त्रुटीच्या पत्राचे उत्तर. त्यावर मुदत लिहिलेली असते, आणि ती टळली तर प्रकरण निकाली काढून नस्तीबंद होऊ शकते, मग छाननी शुल्कापासून पुन्हा सुरुवात. मोजणीला वेळ लागणार हे गृहीत धरून, मोजणीचा अर्ज याच आठवड्यात करावा आणि त्याची पावती जोडून कार्यालयाला कळवावे की मागील सामासिक अंतराबाबत सवलतीचा अर्ज 'क' प्रत मिळताच सादर करण्यात येईल, तोपर्यंत प्रकरण प्रलंबित ठेवावे. हे पत्र आवक-जावक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यावा, आणि ऑनलाइन प्रणालीतही अपलोड करावे.